घरपोच ‘फीवर पॅनेल’ : तापाचा दिवस न विचारणारी तपासणी

पुण्यातील एका खासगी पॅथॉलॉजी साखळीकडून ‘फीवर पॅनेल’ या नावाने विकले जाणारे तपासण्यांचे पॅकेज गेल्या सप्टेंबरात आमच्या घरी सहा दिवसांच्या अंतराने दोनदा घेतले गेले. आधी माझ्या बावीस वर्षांच्या पुतण्यासाठी आणि नंतर माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आईसाठी. दोन्ही वेळा १,९५० रुपये मोजले, रक्त घ्यायला आलेला मुलगा दोन्ही वेळा तोच होता आणि अहवालाचा साचाही तोच होता. तरीही पहिल्या वेळी हे पॅकेज पैसे वसूल ठरले आणि दुसऱ्या वेळी त्याने आम्हाला जवळजवळ एक अख्खा दिवस चुकीच्या समजुतीत ठेवले. असे का झाले ते नीट मांडावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. मी एकोणतीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, त्यामुळे लिखाणात मध्येच मास्तरकी डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

पॅकेजमध्ये संपूर्ण हिमोग्राम, मलेरियाचे कार्ड, डेंगीच्या तीन तपासण्या, टायफॉइडसाठी विडाल, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) आणि लघवीची साधी तपासणी एवढे येते. डेंगीच्या तीन तपासण्या म्हणजे एनएस१ हा प्रतिजन आणि आयजीएम व आयजीजी ही दोन प्रकारची प्रतिपिंडे. प्रतिजन हा विषाणूचा स्वतःचा अंश असतो, तर प्रतिपिंडे ही आपल्या शरीराने त्याला दिलेले उत्तर असतात. पहिला चोराच्या पावलाचा ठसा आणि दुसरी पोलिसांच्या रोजनाम्यातील नोंद, असे मी वर्गात सांगत असे. ठसा लगेच मिळतो आणि थोड्या दिवसांत पुसला जातो. नोंद व्हायला वेळ लागतो, पण ती पुढे बराच काळ राहते. या पॅकेजविषयी मला जे म्हणायचे आहे ते सारे या वेळेच्या फरकाभोवती फिरते.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. सकाळी सातची वेळ ठरली होती आणि सातला पाच मिनिटे असताना मुलगा दारात होता. हातमोजे नवे, सुई आमच्यासमोर फोडलेली, दंडाला पट्टा बांधल्यावर शीर सापडेपर्यंत घाई नाही. जांभळ्या टोपणाची नळी भरल्यावर त्याने ती आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली, खळखळ हलवली नाही. ही बाब किरकोळ वाटेल, पण त्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. ते नीट मिसळले नाही तर प्लेटलेटचे पुंजके होतात, यंत्र ते मोजत नाही आणि आकडा नसता खाली येतो. डेंगीच्या हंगामात ज्या घरात “पेशी किती झाल्या?” हा एकच प्रश्न दिवसातून चारदा विचारला जातो, तिथे अशा खोट्या घसरणीने केवढा गोंधळ उडतो ते निराळे सांगायला नको. पिवळ्या टोपणाची नळी त्याने पंधरा-वीस मिनिटे तशीच उभी ठेवली आणि मग दोन्ही नळ्या थंड पेटीत घातल्या. आईच्या वेळी तो “आजी, एकच टोचणार, परत नाही टोचायचो” असे म्हणाला आणि शब्द पाळला. या भागाला पूर्ण गुण.

नोंदणीच्या अर्जात नाव, वय, लिंग, मोबाइल क्रमांक, ईमेल, कोणत्या डॉक्टरांनी पाठवले, उपाशीपोटी आहात का, मधुमेह आहे का, असे चौदा रकाने होते. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, हा रकाना नव्हता. पुतण्याच्या वेळी ते माझ्याही लक्षात आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुतण्याला रविवारी रात्री थंडी वाजून ताप भरला, डोळ्यांच्या मागे दुखू लागले आणि मंगळवारी सकाळी रक्त दिले. संध्याकाळी पाचला अहवाल आला : एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम व आयजीजी दोन्ही निगेटिव्ह, प्लेटलेट १,८४,०००. दुसऱ्या दिवसाच्या रुग्णाचा हा अगदी पुस्तकी अहवाल आहे. एनएस१ हे विषाणूने पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढायला सुरुवात केल्यावर रक्तात सोडले जाणारे प्रथिन आहे, आणि ते तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकते. प्रतिपिंडे मात्र इतक्या लवकर दिसत नाहीत. तापाच्या तिसऱ्या दिवसापासून पुढे साधारण निम्म्याच रुग्णांत आयजीएम सापडते, पाचव्या दिवसापर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते आणि दहाव्या दिवशी जवळजवळ सर्वांत ते दिसते. म्हणजे मंगळवारच्या त्या रक्तात आयजीएम शोधणे हे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणीस शोधण्यासारखे होते. आमचे काही बिघडले नाही, कारण एनएस१ने काम केले होते. फक्त दोन तपासण्यांचे पैसे फुकट गेले.

ज्या कार्डावर हे सारे घडते त्याचे मला आजही कौतुक वाटते. प्लास्टिकच्या पांढऱ्या डबीत नायट्रोसेल्युलोजची एक पट्टी असते. एका टोकाच्या खळग्यात रक्तजलाचे थेंब टाकले की ते टिपकागदावरच्या शाईसारखे पट्टीतून पुढे सरकत जाते आणि वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेल्या प्रतिपिंडांना आपल्याबरोबर घेते. रक्तात एनएस१ असेल तर हे सोनेरी कण त्याला चिकटतात. पुढे पट्टीवर आडवी रेघ म्हणून पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे त्याच एनएस१ला दुसऱ्या बाजूने पकडतात, आणि अडकलेल्या कणांची गुलाबी-जांभळी रेघ उमटते. ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ फक्त पट्टी चालू असल्याची खूण असते, ती उमटली नाही तर कार्ड बाद. एकाच प्रथिनाला दोन ठरावीक जागी पकडणारी, अगदी एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करता येतात ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस क्योलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी शोधलेल्या पद्धतीमुळे. त्यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कर्कपेशी यांचा संकर घडवला. १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले, पण त्या पद्धतीचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. पुढे तिच्या आधारावर केवढा व्यापार उभा राहिला, ते पाहिले की हे पेटंट कोणाच्या टेबलावर राहून गेले असेल, असा विचार मनात येतोच.

आता विडाल. या पॅकेजमधून एक गोष्ट काढून टाकायला सांगितली तर मी क्षणाचाही विचार न करता विडालचे नाव घेईन. फर्नांड विडाल यांनी १८९६ साली ही तपासणी मांडली तेव्हा ती मोठीच गोष्ट होती : टायफॉइडच्या जिवाणूंचे प्रतिजन घ्यायचे, त्यात रुग्णाचे रक्तजल मिसळायचे आणि प्रतिपिंडांमुळे जिवाणूंच्या गुठळ्या होतात का ते पाहायचे. मी विद्यार्थ्यांकडून ती नळ्यांमध्ये करून घेत असे. ‘एच’ प्रतिजनासाठी निमुळत्या बुडाच्या नळ्या, ‘ओ’ प्रतिजनासाठी गोल बुडाच्या, आणि रात्रभर ठेवून सकाळी पाहिले की ‘एच’च्या गुठळ्या पिंजलेल्या कापसासारख्या आणि ‘ओ’च्या बारीक रव्यासारख्या. आजच्या प्रयोगशाळेत ते होत नाही. रंगवलेल्या प्रतिजनाचा थेंब काचेवर घेऊन, रक्तजल मिसळून, मिनिटभर झुलवून आकडा लिहिला जातो.

पद्धत घाईची आहे म्हणून मी नाराज नाही; माझी नाराजी त्या आकड्याच्या अर्थावर आहे. आपल्याकडे टायफॉइडचे जिवाणू आणि त्यांचे जातभाई पाण्यातून, खाण्यातून सतत भेटत असतात, त्यामुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतातच. पुतण्याच्या अहवालात ‘ओ १:८०, एच १:१६०’ (म्हणजे रक्तजल इतके पातळ करूनही गुठळ्या झाल्या) असे आले आणि दुसरा आकडा लाल रंगात छापला गेला. एकाच नमुन्यातील असा आकडा काहीच ठरवत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा निदान चौपट वाढला तर त्याला वजन येते, आणि तोवर रुग्ण एकतर बरा झालेला असतो किंवा भलत्याच औषधावर असतो. शिवाय टायफॉइडमध्येही ही प्रतिपिंडे पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे दिसू लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी विडाल करण्याला मुळातच अर्थ नव्हता. टायफॉइडची खरी शंका असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, रक्ताचे कल्चर करावे, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहावेत. ते या पॅकेजमध्ये नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो लाल आकडा पाहून न पाहिल्यासारखे केले. सगळीकडे तसे होत नाही. “डेंगी आणि टायफॉइड दोन्ही निघालं” हे वाक्य आमच्या सोसायटीत त्या पंधरवड्यात मी चार घरांतून ऐकले, आणि चारही घरांत अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू होत्या. डेंगी विषाणूवर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

आईची गोष्ट वेगळी. सोमवारी सकाळी ती उठलीच नाही म्हणून ताप पाहिला तर १०१. तिचे म्हणणे, ताप कालच आला. पुतण्याचा अनुभव ताजा असल्याने लगेच तेच पॅकेज मागवले, मुलगा आला, रक्त गेले. संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ उघडली तर पहिल्याच पानावर ‘आपल्या आरोग्याचा सारांश’ या चौकटीत, हिरव्या रंगात, बरोबरच्या खुणेसह लिहिले होते : डेंगी एनएस१ निगेटिव्ह. त्याखाली मलेरिया निगेटिव्ह, तेही हिरव्यात. प्लेटलेट ७१,००० हा आकडा तेवढा लाल. माझ्या भावाने संस्थेच्या मदतक्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले, “सर, एनएस१ निगेटिव्ह आहे म्हणजे डेंगी नाहीये.” भावाने सुटकेचा श्वास सोडला. व्हायरल असेल, दोन दिवसांत उतरेल, असे ठरले. मी त्या रात्री साताऱ्याला होतो.

मंगळवारी दुपारी परत आल्यावर मी ती पीडीएफ शेवटपर्यंत वाचली. चौथ्या पानावर, लघवीच्या तपासणीच्या आधी, दोन ओळी होत्या : आयजीएम ‘वीकली रिॲक्टिव्ह’ (क्षीण पॉझिटिव्ह), आयजीजी ‘रिॲक्टिव्ह’ (पॉझिटिव्ह). रंग नाही, खूण नाही. मी आईच्या उशाजवळचा औषधांचा डबा उघडला. पॅरासिटामॉलच्या दहाच्या पाकिटातील सात खळगे रिकामे होते. “बुधवारपासून जरा अंगात कसकस होती, ताप असा नव्हता,” ती म्हणाली. नातवाच्या तापात सगळे गुंतले असताना आपले कशाला सांगायचे, म्हणून ती गप्प राहिली होती. म्हणजे सोमवारचे रक्त पहिल्या-दुसऱ्या दिवसाचे नसून सहाव्या दिवसाचे होते, आणि सहाव्या दिवशी हाच अहवाल अगदी निराळे बोलतो.

डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्या प्रकाराविरुद्ध जन्मभराचे संरक्षण मिळते, पण बाकी तिघांविरुद्ध ते काही महिनेच टिकते. आईसारखी, पुण्यात पन्नास वर्षे काढलेली व्यक्ती आधी कधीतरी, कदाचित साधा ताप समजून, डेंगीतून गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा व्यक्तीला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली की जुन्या स्मृतिपेशी जाग्या होतात आणि आयजीजी पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढते. नव्याने बनणारे आयजीएम मात्र क्षीण राहते, काही जणांत तर ते सापडतही नाही. त्यात आणखी एक मेख आहे. रक्तात तरंगणाऱ्या एनएस१ला ही आधीची प्रतिपिंडे वेढून टाकतात, आणि वेढला गेलेला एनएस१ कार्डावरील प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. पहिल्या लागणीत ताप असताना एनएस१ची तपासणी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण ओळखू शकते. दुसऱ्या लागणीत हे प्रमाण साठ ते ऐंशी टक्क्यांवर येते. त्यात सहावा दिवस म्हणजे एनएस१ एरवीही ओसरत चाललेला. तेव्हा आईच्या अहवालातील ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘आता या पट्टीवर सापडला नाही’ एवढाच होता. ‘डेंगी नाही’ हा अर्थ मदतक्रमांकावरील मुलीने आपल्या पदरचा घातला. तिचा तरी काय दोष, तिला समोर तीच हिरवी चौकट दिसत होती.

दुसरी लागण ओळखणे हा केवळ नोंदवहीचा प्रश्न नाही. पहिल्या लागणीतील प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्या शेपटाला धरून विषाणू ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळून संपवायचे त्यांच्यातच सुखरूप शिरतो आणि वाढतो. घराची राखण करणाऱ्यानेच चोराला दार उघडून द्यावे, तसे हे. म्हणूनच गंभीर डेंगीचा धोका दुसऱ्या लागणीत अधिक असतो. २०१६ साली फिलिपिन्समध्ये शाळकरी मुलांना डेंगीची लस देण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती थांबवावी लागली, तीही याच कारणाने : ज्यांना आधी डेंगी झालाच नव्हता त्यांच्यात लसीने जणू पहिल्या लागणीची जागा घेतली आणि नंतरच्या खऱ्या लागणीत त्यांचा धोका वाढला. तेव्हा आयजीजीची ती चौथ्या पानावरची ओळ पहिल्या पानावर, प्लेटलेटच्या शेजारी असायला हवी होती.

त्याच अहवालात आणखी एक आकडा होता ज्याकडे कोणी पाहिले नाही : हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे शेकडा प्रमाण, ४४. आईचा नेहमीचा ३६ असतो. वीस टक्क्यांहून अधिक वाढ म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होत असल्याची खूण. आपल्याकडे सारे लक्ष पेशींवर, आणि पपईच्या पानांचा रस शोधण्यावर. पण ताप उतरण्याच्या सुमारास हे झिरपणेच जास्त घात करते. मंगळवारी संध्याकाळी आईला रुग्णालयात दाखल केले, तीन दिवस सलाइनवर ठेवले आणि शुक्रवारी ती घरी आली. इथे हेही सांगितले पाहिजे की अहवालात प्लेटलेटच्या आकड्याखाली ‘स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर) तपासले, पुंजके नाहीत’ अशी टीप होती. काही व्यक्तींच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की त्या जांभळ्या नळीतील द्रव्याच्या सान्निध्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटतात; ते इथे घडलेले नाही, हे कोणीतरी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पाहिले होते. ज्याने ही टीप लिहिली त्याचे मी मनापासून आभार मानतो.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या मुख्य प्रयोगशाळेत जाऊन आलो. तिथल्या तंत्रज्ञ बाई भल्या होत्या. अहवालात ‘पद्धत : इम्युनोॲसे’ एवढेच छापले होते, त्याचा अर्थ विचारल्यावर त्यांनी सांगितले की पॅकेजमध्ये कार्डच वापरतात, एलायझा (प्लेटच्या खळग्यांत करून यंत्राने रंग मोजण्याची तपासणी) निराळी मागवावी लागते. ‘इम्युनोॲसे’ हा शब्द दोन्हीला चालतो; पोहे आणि पुलाव दोघांनाही ‘खाद्यपदार्थ’ म्हणावे तसा. आईच्या कार्डाचा फोटो त्यांच्या संगणकात होता : आयजीजीची ठसठशीत रेघ, आयजीएमची डोळे बारीक करून पाहावी अशी पुसट. बाईंनी ती पुसट रेघ प्रामाणिकपणे नोंदवली होती. कार्ड ठरलेल्या मिनिटांच्या आत वाचावे लागते, उशिरा उमटणाऱ्या सावल्यांना रेघ मानायचे नसते, हेही त्यांना चोख माहीत होते. पहिल्या पानाची चौकट मात्र संगणक आपोआप बनवतो आणि ‘डेंगी’ या शीर्षकाखाली तो फक्त एनएस१ उचलतो. चूक प्रयोगशाळेच्या टेबलावर झाली नव्हती, ती अहवालाच्या साच्यात बसवलेली होती. कार्ड कोणत्या कंपनीचे, हेही अहवालात नव्हते. ते हवे, कारण काही कार्डांत आयजीजीची रेघ फक्त दुसऱ्या लागणीइतक्या मोठ्या प्रमाणालाच उमटावी अशी बेतलेली असते, तर काहींत जुन्या, कमी प्रमाणालाही उमटते. एकच रेघ, अर्थ दोन.

तुलनेसाठी दुसरा अनुभव. रुग्णालयाने आईचा नमुना नियमाप्रमाणे सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. तिथे पाचव्या दिवसापर्यंत एनएस१ची एलायझा आणि त्यानंतर आयजीएमची एलायझा करतात, कारण कीटकजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषांनुसार कार्डावरचा निकाल ‘संभाव्य’ रुग्ण ठरवतो, ‘निश्चित’ ठरवत नाही. आयजीएमचे संच आपल्या पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होतात आणि देशभरातील सरकारी प्रयोगशाळांना पुरवले जातात. ही संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. त्या तपासणीची रचना मला फार सुबक वाटते. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी मानवी आयजीएमला पकडणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. रुग्णाचे रक्तजल टाकले की सर्व प्रकारचे आयजीएम आधी तिथे अडकते. मग डेंगीचा प्रतिजन टाकतात. अडकलेल्या आयजीएमपैकी काही डेंगीविरुद्धचे असेल तरच तो टिकून राहतो, नाहीतर धुण्यात वाहून जातो. मग त्या प्रतिजनाला ओळखणारे, खूण जोडलेले प्रतिपिंड, मग रंग आणणारे विकर (एन्झाइम). खळगा निळा होतो, आम्ल घातले की पिवळा, आणि यंत्र पिवळेपणा आकड्यात मोजते. डोळे बारीक करण्याची गरज उरत नाही. मात्र पुरेसे नमुने जमल्याशिवाय प्लेट लावणे परवडत नाही आणि दर टप्प्याला थांबावे लागते, म्हणून निकाल तिसऱ्या दिवशी आला : आयजीएम पॉझिटिव्ह. कागद एक, ओळ एक, शिक्का वाकडा, खर्च शून्य. आणि नमुन्यासोबतच्या छापील अर्जात वयाच्या खालोखाल रकाना होता, ‘ताप सुरू झाल्याची तारीख’. नर्सबाईंनी तो भरल्याशिवाय नळी पुढे जाऊ दिली नाही.

एलायझालाही मर्यादा आहेत. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळते, त्यामुळे ऑगस्टमधील डेंगी ऑक्टोबरच्या निराळ्या तापातही हजेरी लावू शकतो. झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू डेंगीचे सख्खे भाऊबंद, त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या प्रतिजनालाही चिकटतात. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हापासून पुणे परिसरात ही शक्यता केवळ पाठ्यपुस्तकातली राहिलेली नाही. झिका गर्भाला घातक ठरू शकतो, म्हणून गर्भवती स्त्रीच्या अहवालात डेंगीची प्रतिपिंडे आली तर तेवढ्यावर थांबू नये, विषाणूची जनुकीय तपासणी करून घ्यावी.

पॅकेजमधील बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मलेरियाचे कार्ड ठीक आहे, पण फाल्सिपेरम मलेरियाचा प्रतिजन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतो, म्हणून नुकत्याच बरे झालेल्याने त्यावर भिस्त ठेवू नये. काचेवरील स्मिअर अजूनही सरस. सीआरपी अनेक प्रकारच्या तापांत वाढलेले येते. जे नाही तेच खटकते : पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणि साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या प्रत्येकासाठी लेप्टोस्पायरोसिसची आयजीएम तपासणी विडालपेक्षा कितीतरी उपयोगाची ठरेल. विदर्भातील वाचकांना स्क्रब टायफसची (बारीक किड्यांच्या चावण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाची) आठवण करून द्यायला नको. २०१८ साली नागपूर भागात त्याने पुरेसा धडा दिला. ही तपासणीही यात नाही.

तर घ्यावे की नाही? ताप येऊन तीन दिवसांच्या आत असाल तर पूर्ण पॅकेज नको. हिमोग्राम, मलेरिया आणि एनएस१ एवढेच सुटे सांगा. याच संस्थेच्या दरपत्रकाप्रमाणे ते मला १,१०० रुपयांत पडले असते. पाच दिवस उलटले असतील तर आयजीएमची एलायझा मागा, ‘कार्ड नको’ असे स्पष्ट सांगा, आणि एनएस१ निगेटिव्ह आले म्हणून निर्धास्त होऊ नका. मधल्या दोन दिवसांत मात्र तिन्ही तपासण्या एकत्र करण्यात खरोखर अर्थ आहे, आणि तेवढ्या काळापुरते हे पॅकेज स्वस्तही आहे. अहवाल हाती आला की शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. रक्त घेण्याच्या सेवेला पाचपैकी पाच, प्रयोगशाळेतील कामाला चार, अहवालाच्या साच्याला एक.

सारांशाच्या चौकटीबद्दल मी लेखी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी दिलगिरीचे पत्र आले आणि सोबत पुढच्या फीवर पॅनेलवर वीस टक्के सवलतीचे कूपन.

आई घरी आल्यावर रोज पेशी मोजायला तोच मुलगा येत राहिला. पहिल्या दिवशी मी त्याला चिठ्ठीवर ‘ताप सुरू : बुधवार’ असे लिहून दिले आणि हे संगणकात भर म्हणालो. त्याने मोबाइलवर अर्ज उघडून खालीवर दोनदा सरकवला, आणि म्हणाला, “काका, कुठं भरू? ‘रेफर्ड बाय’मध्ये टाकू का?” तसेच टाकले. त्या दिवशीच्या अहवालावर आईला पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव छापून आले आहे : डॉ. ताप सुरू बुधवार.